पिन आत गेली ना, मग झालं!

घरात एकाने जरी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला असला ना, की त्याचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं. मी गेली कित्येक वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासतोय, पक्कड शेवटची हातात कधी धरली ते आठवत नाही, पण सासरी माझी ओळख अजूनही 'आमचे इलेक्ट्रिकलवाले जावई' हीच. गीझरचं पाणी कोमट आलं, फोन मला. दिवाळीच्या माळेतले मधलेच दिवे गेले, फोन मला. त्यामुळे सासरच्या मंडळींची जपानची टूर ठरली तेव्हा व्हिसा, हॉटेलं, येन, थेपले वगैरे सगळं बाकीच्यांनी वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याला आलं, "ते प्लगचं तेवढं तुम्ही बघा".

तेवढं!

मंडळी म्हणजे मी, बायको, सासूबाई, बायकोची मोठी बहीण आणि तिचे मिस्टर, म्हणजे आमचे साडू, अण्णा. अण्णांची विजेबद्दलची सगळी थिअरी एका वाक्यात मावते. पिन आत गेली ना, मग झालं. या एका वाक्यावर त्यांनी सदाशिव पेठेतलं अख्खं घर चालवलंय, टू पिनचा प्लग थ्री पिनच्या सॉकेटमधे जात नसेल तर वरच्या भोकात काडी घालून शटर उघडायचं आणि द्यायचा ढकलून, असा सगळा प्रकार. माझ्या डिप्लोम्याचं त्यांना कौतुक आहे, पण भीडभाड अजिबात नाही.

अडॅप्टर घ्यायला आम्ही दोघं बुधवारातल्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने न बघताच एक चौकोनी ठोकळा काउंटरवर टाकला, "साहेब हा घ्या, दीडशे देशात चालतो". बाजूची एक कळ सरकवली की ब्रिटनच्या पिना बाहेर येतात, दुसरी सरकवली की युरोपच्या, तिसरी की अमेरिका-जपानच्या चपट्या पिना, त्याच जरा वाकवल्या की ऑस्ट्रेलिया. अण्णा घरी येईपर्यंत रिक्षात ते खेळणं खटाखट करत बसले होते, लकडी पूल येईस्तोवर आमचं जग फिरून झालं होतं.

आपला गोल पिनांचा थ्री पिन ही ब्रिटिशांची देणगी हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण गंमत अशी की स्वतः ब्रिटिशांनी त्यांच्या नव्या चौकोनी पिनांच्या प्लगचं स्टँडर्ड आणलं ते १९४७ साली. म्हणजे ज्या वर्षी ते इथून गेले नेमकं त्याच वर्षी त्यांनी नवा प्लग काढला, त्यात फ्यूजबीज घातला, आणि जुना आपल्याकडे ठेवून गेले. आपणही तो इमानेइतबारे सांभाळला. पुढे १९८६ मधे सगळ्या जगाला एकच प्लग असावा म्हणून एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड निघालं होतं, ते ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका सोडले तर फारसं कोणी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर माझी एक शनिवार दुपार वाचली असती.

असो. खरा घोळ पिनांचा नसतोच, खरा घोळ भिंतीच्या आत असतो. आपल्याकडे येतात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आणि जपानमधे फक्त १००. आणि तो दीडशे देशांचा ठोकळा फक्त पिनांचा आकार बदलतो, आतली वीज जशी येते तशीच पुढे जाते, त्यात वळवावळवी काही होत नाही. हे मी सगळ्यांना जेवताना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अण्णा म्हणाले, "पण पिन तर जातेय ना?"

शेवटी मी फर्मान काढलं की प्रत्येकाने आपापल्या चार्जरवरचं बारीक अक्षर वाचायचं आणि ग्रुपवर फोटो टाकायचा. ते अक्षर पांढऱ्यावर राखाडी किंवा काळ्यावर काळं असंच छापायचं असा बहुतेक नियम असावा, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, मोबाईलने फोटो काढून मोठा केला तरच दिसतं. तिथे 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर विषय संपला, ती वस्तू पृथ्वीवर जवळपास कुठेही चालते. फोनचे चार्जर, लॅपटॉप, कॅमेरा, अण्णांचं झोपेत घोरणं थांबवणारं, नाकाला हवा देणारं सीपॅप मशीन, सगळे पास झाले. नापास झाली एकटी सासूबाईंची इलेक्ट्रिक केटल. खाली ठसठशीत, २३० व्होल्ट, १५०० वॅट.

मी म्हटलं, "आई, हॉटेलच्या खोलीत केटल असतेच." त्यावर आई म्हणाल्या, "लोक त्यात काय काय उकळतात ते मी वाचलंय व्हॉट्सअॅपवर." यापुढे माझा डिप्लोमा काय बोलणार.

तरी मी हिशोब मांडला. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं म्हणजे उष्णताही साधारण तेवढीच कमी होईल असं आपल्याला वाटतं, पण ती पडते वर्गाच्या प्रमाणात. १०० भागिले २३० चा वर्ग म्हणजे जेमतेम १९ टक्के. दीड हजार वॅटची केटल तिकडे जाऊन २८३ वॅटची होणार. घरी चार मिनिटात उकळणारं लिटरभर पाणी तिथे वीस-पंचवीस मिनिटं घेणार. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं, नाही नेत" म्हणाल्या, आणि केटल शालीत गुंडाळून बॅगेत घातली, जे आम्हाला टोकियोत कळलं.

विमानतळावर दुसराच तमाशा. अण्णांनी पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत घातली होती, ती काढायला लावली, ती नेहमी हातातल्या सामानातच न्यावी लागते. वर ती ३०,००० एमएएचची, म्हणजे ३० अँपिअर-अवर, त्याला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की १११ वॅट-अवर, आणि १०० च्या वर गेलं की एअरलाईनची परवानगी लागते. २०,००० वाली असती तर ७४ भरली असती, काही प्रश्न नव्हता. "मोठी आहे म्हणूनच तर घेतली" असं अण्णा त्या काउंटरवरच्या मुलीला समजावत होते आणि मागची रांग आमच्याकडे बघत होती.

टोकियोत पहिल्याच सकाळी आईंच्या खोलीत गेलो तर ठोकळा भिंतीत, ठोकळ्यात केटल, आणि आई पलंगावर बसून रामरक्षा म्हणतायत. रामरक्षा संपली. मारुतीस्तोत्र झालं. पाणी अजून गप्प. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. जपानमधलं साधं सॉकेट दोन चपट्या भोकांचं, त्यात अर्थिंगची पिनच नाही, आणि आमच्या ठोकळ्यातही अर्थिंग पुढे जात नव्हतं. म्हणजे आईंच्या स्टीलच्या केटलची ती तिसरी जाड पिन, जी मुद्दाम लांब ठेवलेली असते कारण प्लग लावताना अर्थ आधी जोडला जावा, ती नुसती शोभेला. आत कुठे वायर सुटून बॉडीला लागली तर करंट जायला वाट राहणार एकच, चहा ओतणारा हात. मी जाऊन प्लग उपटला. आई म्हणाल्या, "आता कुठे सूं करायला लागलं होतं हो!" मग हॉटेलचीच केटल आधी दोनदा पाणी उकळून, ओतून देऊन, गंगाजल शिंपडायचं तेवढं बाकी ठेवून वापरात घेतली.

बरं, एकाच देशात सगळीकडे एकसारखी वीज असेल तर शपथ. टोकियोकडे ५० हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जनरेटर मागवले जर्मनीहून आणि ओसाकाने अमेरिकेहून, ते जे दोन संसार मांडले ते अजून वेगळेच आहेत. मी हे सांगितल्यावर अण्णांची छाती फुगली, कारण आपल्याकडे २०१३ च्या शेवटी दक्षिणेची ग्रिडही, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकीच्या देशाला जोडली आणि अख्खा देश ५० हर्ट्झच्या एकाच तालावर आला. पुढचा अर्धा दिवस ते समोरून येणाऱ्या प्रत्येक जपान्याकडे जरा दयेने बघत होते.

हाकोनेला मात्र कहर. तिथे रिओकान, म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी हॉटेल, चटईची एकच मोठी खोली आणि जमिनीवर गाद्या घालून सगळे ओळीने. अख्ख्या खोलीत मोकळं सॉकेट एकच, तेही जमिनीपासून वीतभर वर. त्यावर पहिला हक्क अर्थात अण्णांच्या सीपॅपचा, कारण ते चालू असेल तरच अण्णा घोरत नाहीत. ठोकळा सॉकेटमधे, ठोकळ्यात सीपॅपचा आपला थ्री पिनचा जाड प्लग, आणि वायरचं ओझं खाली. आपल्याकडच्या गोल पिना कशा सॉकेटला घट्ट धरून बसतात, ही दोन चपटी पाती नुसती टेकलेली. सगळं हळूहळू खाली मान घालतं. दिवे घालवले, मशीनचा बारीक सुस्कारा सुरू झाला, डोळा लागतोय तोच टप्प. ठोकळा खाली. मिनिटभर शांतता, आणि मग अण्णांनी जो सूर लावला त्याने कागदी दारं थरथरली. बायकोने मला कोपर मारलं, कारण इलेक्ट्रिकल! मी उठून लावला. परत टप्प. मी खाली उशी लावली, उशी घसरली. मेहुणी म्हणाली, भाऊजी तुम्ही धरूनच बसा ना.

मग मला घरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड आठवला, ज्याला निघताना सगळे हसले होते. ठोकळ्यात फक्त बोर्डाचा प्लग घातला, वायर थोडी सैल सोडून ठोकळ्याखाली माझे बूट लावले आणि सीपॅप, फोन वगैरे सगळं बोर्डात, जमिनीवर. किरकोळ वॅटच्या गोष्टींना हे चालतं, केटल किंवा इस्त्री असल्या ठोकळ्यावर चुकूनही लावू नये, तो आधी तापतो, मग वितळतो. (बूट चटईवर आणले म्हणून सकाळी मालकीणबाई जे हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या, त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.)

शेवटच्या दिवशी ओसाकात राईस कुकरच्या दुकानात सगळे शिरले. मेहुणीने एक सुंदर कुकर पसंत केला, भाव पण बरा. मी काही बोलायच्या आत आईंनी चष्मा लावला, कुकर उलटा केला, खालचं लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "शंभरच लिहिलंय. ठेव खाली." मला अगदी भरून आलं. जपानची केटलबिटल आपल्या २३० वर लावली तर तोच वर्गाचा हिशोब उलटा लागतो, पाचपट वॅट, आणि पहिल्याच दिवशी धूर. परदेशी गिऱ्हाईकांसाठी २२०-२४० व्होल्टचे कुकर वेगळ्या फळीवर असतात, दुकानातल्या मुलाने ते दाखवले. किंमत बघून अण्णांनी हातातला ठोकळा दोनदा खटाखट केला.

"मी काय म्हणतो," अण्णा म्हणाले, "हे शंभरवाले दोन घेतले, आणि दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडले तर?"

मला पटकन नाही म्हणता येईना. सिरीजमधे दोन सारखे कुकर, २३० वाटून ११५-११५, म्हणजे तसं बघायला गेलं तर... आणि एकाने भात झाला म्हणून कट केलं की मग दुसऱ्याचं... मी दुकानात उभा राहून मनातल्या मनात सर्किट काढत होतो.

"काहीतरीच काय," आई म्हणाल्या. "दोन कुकर भात खाणार कोण?"