गालात ओवा, कानात मोहरी

पुण्यात सिगारेट सोडायची असेल तर कुणाला न सांगता सोडावी. ओढत होतो तोवर लोक नुसतं नाक मुरडत. सोडतोय म्हटल्यावर प्रत्येकाने एकेक उपचार हातात ठेवला, आणि वर 'घेतोयस ना?' म्हणून फोनही सुरू झाले.

पहिला मान आत्याचा. भाजलेला ओवा, बडीशेप आणि सैंधव असं मिश्रण तिने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून पाठवलं, सोबत ज्येष्ठमधाच्या कांड्या. "तल्लफ आली की चघळ. यांची तपकीर यावरच सुटली." आतोबांची तपकीर आतोबांबरोबरच गेली, हे मी बोललो नाही. ज्येष्ठमध लागतं गोड, म्हणून दिवसभर चघळत राहिलो. पुढे डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि पट्टा न सोडताच विचारलं, "नवीन काय खाताय?" ज्येष्ठमध फार पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. आत्याच्या डब्यावर यातलं काही नव्हतं. डब्यावर फक्त 'केशर-वेलची' होतं.

मग शेजारच्या काकांची होमिओपॅथी. त्यात तंबाखूपासूनच केलेलं टॅबॅकम नावाचं औषध असतं. तीसची पोटन्सी म्हणजे शंभरात एक भाग, असं तीस वेळा पातळ करायचं; जितकं पातळ तितकं जालीम, असा त्यांचा हिशेब. एकावर साठ शून्यं. गोळ्या साखरेच्या, त्यामुळे चवीबद्दल तक्रार नाही. पण हा हिशेब खरा धरला, तर पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्यात सहलीला आलेल्यांनी भिरकावलेल्या थोटकांवर अख्खं शहर एव्हाना निर्व्यसनी व्हायला हवं होतं. "श्रद्धा लागते," काका म्हणाले. विषय संपला. (काकांनी नाकातून मिठाचं पाणी सोडायची जलनेतीही शिकवली. त्याबद्दल एवढंच सांगतो की मीठ मोजून घालावं.)

कानाचा उपचार मात्र मला मनापासून आवडला, कारण त्याला गोष्ट आहे. पॉल नोजिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1957 च्या सुमाराला कानाचा नकाशा मांडला. त्याला कानात उलटं झोपलेलं अर्भक दिसलं, पाळीकडे डोकं आणि वर पाय. पुढे 1972 मध्ये हाँगकाँगला मेंदूचे एक सर्जन, डॉ. वेन, शस्त्रक्रियेआधी सुया टोचून त्यातून हलकी वीज सोडत होते, तर रुग्ण म्हणाला, दुखण्याचं राहू द्या, माझी अफूची तल्लफच गेली! तिथून ही विद्या जगभर पसरली, आणि जगभर म्हटल्यावर कोथरूडलाही आली.

तिथल्या बाईंनी सुयांऐवजी मोहरीएवढ्या काळ्या बिया चिकटपट्टीने माझ्या कानांवर डकवल्या. "तल्लफ आली की दाबायच्या." दाबल्या की असा ठणका उठे की तल्लफ सोडा, स्वतःचं आडनाव आठवायला वेळ लागे. त्यात हेल्मेट! हेल्मेट चढवलं की सगळ्या बिया एकदम दाबल्या जायच्या. हेल्मेट न घालायला पुणेकर आजवर मान, केस, उकाडा अशी कारणं देत आला. वैद्यकीय कारण हाती लागलेला मी पहिलाच असेन. चौकातल्या हवालदाराने माझे दोन्ही कान नीट निरखले, मगच पावती केली. नंतर आवाज उतरवून म्हणाला, "त्या बाईंचा नंबर द्या. आमची तंबाखू सुटत नाही."

संमोहनवाले भेटले सदाशिव पेठेत. अंधारी खोली, आरामखुर्ची, संथ आवाज.

"तुम्ही तुमच्या सगळ्यात शांत जागी आहात. काय दिसतंय?"

"बाकडं."

"छान. वास कसला येतोय?"

"आल्याचा."

"वा! आवाज?"

"कुणीतरी म्हणतंय, साहेब राजीनामा देणार."

त्यांनी मला डोळे उघडायला सांगितलं. फी पूर्ण घेतली.

भाची डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने फोनवर झापलं, "मामा, उपचारांच्या चाचण्या तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचे आढावे वाच जरा. सुया काय, संमोहन काय, सहा महिन्यांपुढे टिकणारा फायदा ठामपणे दिसलेलाच नाही." आणि निकोटिनच्या गोळ्या घ्यायला लावल्या. त्या च्युइंगमसारख्या चघळायच्या नाहीत. सावकाश चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची. आत्याने हा प्रकार पाहिला नि म्हणाली, "मेल्या, ही तर तंबाखूचीच गोळी की रे!" आता हिला काय सांगणार? या गोळीमागची कल्पना स्वीडनमध्ये 1967 मध्ये निघाली ती पाणबुडीतल्या खलाशांवरून. त्यांना खाली ओढता येत नसे, म्हणून ते तंबाखू तोंडात धरत.

पण खलाशांचं एक बरं होतं. पाणबुडीखाली टपरी नव्हती.

माझ्या ऑफिसखाली आहे. तोंड, नाक, कान, मन, सगळ्यांवर इलाज झाले. 'चल, खाली जाऊन येऊ' यावर कुणाकडे काही नव्हतं. खांबाला सुतळीने बांधलेला लायटर, त्याची काजळीने काळवंडलेली टोपी, कटिंगचे चिकट ग्लास. राज्यात सुट्या सिगारेटी विकायला 2020 पासून बंदी आहे, म्हणून टपरीवाला पाकिटातून एक काढून देताना आधी डावीकडे, मग उजवीकडे बघतो. कायद्याचं पालन तेवढंच. कोण सोडून चाललंय, कुणाची पगारवाढ अडकलीय, बाणेरला फ्लॅट कितीला गेला, सगळं तिथेच कळतं. मी वर बसून ओवा चघळायला लागलो आणि साहेबांचा राजीनामा मला ईमेलने कळला. निकोटिनची गोळी गालात होती, तरी घशाशी आलं.

तेव्हापासून आत्याचा डबा घेऊन मी खाली जातो. पहिल्यांदा सगळे हसले. मग एकाने हात पुढे केला, मग दुसऱ्याने. चहानंतर ओवा बरा लागतो. कुणी सिगारेट सोडली नाही, पण डबा रोज रिकामा होऊ लागला. टपरीवाला काही दिवस गुमान बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, डबा घरी ठेवा की. आमचा धंदा आहे."

सोमवारी बघतो तर वेफर्सच्या माळेशेजारी ओव्याच्या पुड्यांची माळ.

"पाच रुपये," तो म्हणाला. मग आधी डावीकडे, मग उजवीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सुटा पण मिळेल."