किंडरची उंची, शेतातली वाट आणि जीपीएक्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडातल्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या एडेल गावाच्या आसपासच्या पळायच्या वाटांवरचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एडेलच्या वरच्या ६३६ मीटर उंच किंडर स्काउट या पठारासाठी रेनजॅकेट, शिट्टी, होकायंत्र अशी यादी देणं म्हणजे उगाच बाऊ करणं, कारण सिंहगड त्याच्या दुप्पट उंच आहे आणि तिथे लोक साध्या टी-शर्टवर पळत जातात. किंडरच्या १३ किलोमीटरच्या वळशाला पळत अडीच तास ही वेळ फार जास्त आहे, पटत नाही. लोकांच्या खाजगी शेतांतून, मेंढ्यांमधून पळायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. आणि एवढं सगळं लिहून जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनवर वाटेची रेषा दाखवणारी फाइल, दिलेली नाही. या चारही बाबतींत माझं मत लेखात होतं तेच आजही आहे. ते का, हे सांगते.

सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या आसपास आहे खरा, पण पायथाच ७०० च्या जवळपास, म्हणजे चढ साधारण सहाशेचा. एडेल गाव २५० मीटरवर, म्हणजे किंडरचा चढ चारशेच्या आत. नुसता चढ मोजला तर सिंहगडच मोठा. पण ती यादी चढासाठी नव्हतीच, माथ्यावर पोचल्यावरच्या हवेसाठी होती. सिंहगडाच्या वाटेवर पाय मुरगळला तर माणूस दगडावर टेकतो, मागून येणारे चार जण थांबतात, ताकवाल्या मावशी पाणी देतात. किंडरच्या पठारावर झाड नाही, घर नाही, आडोसा म्हणाल तर कड्यावरचे वाळूच्या दगडाचे सुळके तेवढे. पाऊस तिथे आडवा येतो. पश्चिमेचा वारा जोरात असला की किंडर डाउनफॉलचा धबधबा उलटा वर उडतो, हे कितीतरी लोकांनी पाहिलेलं आहे. अशा वाऱ्यात पळणारा ऊबदार राहतो तो केवळ पळतोय म्हणून. थांबला की घामाने भिजलेला टी-शर्टच अंगातली ऊब ओढून घेतो, बोटं वळेनाशी होतात आणि मग खिशातल्या फोनचं कुलूपही उघडत नाही. हे जूनमध्येसुद्धा होतं. इंग्लंडातल्या डोंगरी शर्यतींत सुरुवातीच्या रेषेवर आयोजक पिशव्या उघडून बघतात आणि ठरवून दिलेलं सामान नसेल तर धावू देत नाहीत. ही मंडळी आयुष्यभर याच डोंगरांत पळत आलेली आहेत, त्यांना भित्रं कोण म्हणेल?

शिट्टी का, असंही तुम्ही विचारलंय. दरीत फोनची रेंज बेभरवशाची आहे आणि ढगात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. सहा वेळा शिट्टी, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा, हा मदतीचा ठरलेला इशारा आहे. रेंज मिळालीच तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवी म्हणून सांगायचं. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून येतात. त्यांची रात्र वाचावी म्हणून एक जॅकेट पाठीवर घेतलं तर त्यात बाऊ काय?

वेळेचं गणित सोपं आहे. डोंगरात चालण्यासाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा दिला, तो अजून वापरात आहे: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपला वळसा १३ किलोमीटरचा, आणि वरची चढउतार धरली तर एकूण चढ पाचशे मीटरच्या घरात. चालत जवळजवळ साडेतीन तास होतात. पळत अडीच, हे चांगल्या तब्येतीच्या माणसासाठी मी लिहिलं. तुमची रस्त्यावरची दहा किलोमीटरची वेळ ५० मिनिटं आहे, ती उत्तमच आहे, पण या वळशातल्या जेकब्स लॅडर नावाच्या दगडी पायऱ्यांवर तिचा उपयोग नाही. तो सरळ छातीवरचा चढ आहे, तिथे हात गुडघ्यांवर ठेवून चालणाऱ्यांत शर्यती जिंकणारेही असतात. वर कड्याच्या कडेने वूलपॅक्सचे गोलगोल झिजलेले दगड लागतात, त्यांच्यामधून वाट शोधत जावं लागतं. आणि वाट चुकून थोडं आत पठारात शिरलात तर पीट सुरू होतं, हजारो वर्षं पाण्यात साचत आलेली काळी, ओली माती. पाण्याने तिच्यात माणसापेक्षा उंच घळी कापल्या आहेत. घळीत उतरलं की दोन्ही बाजूंना काळ्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी, बाकी काही दिसत नाही. भिंत चढून बाहेर यावं तर हाताला लोण्यासारखी माती लागते, पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि समोर तसलीच दुसरी घळ असते. तिथे एका किलोमीटरला अर्धा तास सहज जातो.

आता शेतांबद्दल. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडून इथे येणारे बरेच जण याच संकोचाने डांबरी रस्त्याच्या कडेने पळत राहतात. त्या अरुंद रस्त्यांना पदपथ नाहीत, वळणावर दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, आणि गाड्या भरधाव. धोका तिथे आहे. एडेल ते अपर बूथ या वस्तीपर्यंतची शेतांतली वाट सार्वजनिक आहे. जमीन शेतकऱ्याची, पण त्या रेषेवरून पायी जाण्याचा हक्क सगळ्यांचा, आणि पळणं त्यात आलंच. घोडी आणि खेचरं हाकणाऱ्यांनी, चर्चला जाणाऱ्यांनी पाडलेल्या अशा वाटा १९४९ च्या कायद्यानंतर अधिकृत नकाशांवर नोंदल्या गेल्या. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातली मयतंसुद्धा हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीतून पलीकडे नेत असत. त्याच खिंडीतून आज आपण पळतो.

वरचं पठार मात्र खरोखरच बंद होतं. तित्तिरांसारख्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते राखलेलं होतं आणि रखवालदार माणसांना हुसकून लावत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काही शे कामगार तरुण ठरवून किंडरवर चढले. हेफील्डकडून निघालेल्यांच्या पुढे होता २० वर्षांचा बेनी रॉथमन. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १९५१ मध्ये हाच मुलूख देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, १९६५ मध्ये एडेलहून निघणारा पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग खुला झाला, आणि २००० च्या कायद्याने अशा माळरानांवर वाट सोडूनही पायी फिरायची मुभा मिळाली. ज्या हक्कासाठी लोकांनी तुरुंग पाहिला, तो वापरा असं सांगणं मला जबाबदारीचंच वाटतं.

तो नीट वापरावा, हेही तितकंच खरं. शेतात हक्क फक्त त्या रेषेपुरता आहे, पठारासारखा मोकळा नाही. दोन शेतांमधले गडगे बिनचुन्याचे, नुसते दगडावर दगड रचलेले असतात. त्यांच्यावरून उडी मारायची नाही, पायरी किंवा फाटक असेल तिथूनच जायचं. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर कडी खटकन बसल्याचं ऐकूनच पुढे व्हायचं. एप्रिल-मे हे मेंढ्या विण्याचे दिवस. तेव्हा शेतांत पळू नका, चाला, कारण गाभण मेंढी घाबरून धावली तर नुकसान शेतकऱ्याचं. वासरं असलेल्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घ्या. कुत्रा सोबत असेल तर पठारावर १ मार्च ते ३१ जुलै तो आखूड दोरीवरच हवा, त्या काळात पक्षी जमिनीवर घरटी करतात.

राहिली जीपीएक्स. किंडरची फाइल मी देणार नाही. एकाच रेषेवरून शेकडो पाय गेले की पीटमध्ये चर पडतो, त्यात पाणी वाहू लागतं आणि घळ तयार होते. तिथे गवत परत रुजवायला, घळींना बांध घालायला माणसं वर्षानुवर्षं राबत आहेत. शिवाय ढगात फोनवरची रेषा तुम्हाला कड्याच्या किती जवळ आहात हे सांगत नाही, आणि थंडीत बॅटरी बघता बघता संपते. आपला ठिपका कुठे आहे हे बघायला फोन जरूर वापरा. वाट मात्र ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या ओएल १ नकाशावरून वाचा. १:२५,००० च्या त्या नकाशात शेताची एकूण एक भिंत दाखवलेली असते. हिरवी तुटक रेषा म्हणजे हक्काची वाट. काळी तुटक रेषा म्हणजे जमिनीवर पायवाट दिसते एवढंच. शेतांमध्ये हा फरक पाळायचा.

तुम्ही डिसेंबरात मँचेस्टरला मुलीकडे येणार आहात असं लिहिलंय. त्या दिवसांत चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा किंडर उन्हाळ्यासाठी ठेवा. सकाळच्या गाडीने एडेलला उतरा, हॉलिन्स क्रॉसला चढा, उजवीकडे मॅम टॉर या टेकडीवर जाऊन परत या आणि धारेवरून बॅक टॉर, लूझ हिल करत होप स्टेशनला उतरा. साधारण ११ किलोमीटर होतात. बॅक टॉरचा चढ तीव्र आणि ओला असतो, तिथे घाई नको. बाकी धारेवर बऱ्याच ठिकाणी फरश्या टाकलेल्या आहेत, त्यामुळे आपल्या पायांनी नवीन चर पडायची भीती नाही. याची जीपीएक्स हवी असेल तर मेल करा, लगेच पाठवते. फक्त २५ आणि २६ तारीख टाळा, २५ ला गाड्या नसतात आणि २६ लाही मिळतीलच असं नाही.