नुसती खाली बसवली म्हणजे झालं का?

हॉट रॉडवरच्या, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेल्या वेगवान गाड्यांवरच्या लेखातलं ‘गाडी जितकी खाली, तितकी देखणी’ हे वाक्य काही पटलं नाही. हॉट रॉडचा रुबाब तिच्या पुढे कलण्यात असतो. १९३२ च्या फोर्डवरून केलेली कुठलीही चांगली गाडी बघा: पुढे ड्रॉप्ड ॲक्सल (गाडीचं नाक खाली आणणारा, वाकवलेला आस) आणि बारीक टायर, मागे चांगले दांडगे. उभी असतानाही झेप घ्यायच्या बेतात वाटते. छप्पर कापून ठेंगणं करायचं ते नंतर. आधी चाकं आणि कल ठरवा.

हे मला पैसे घालवून कळलं. बाबांच्या पद्मिनीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंग वागळे इस्टेटमध्ये कापून घेतल्या, मागच्या स्प्रिंगचे पाटेही खाली आणले. गाडी दिसायला लागली पाटावर जेवायला बसल्यासारखी! शिवाय कापलेली स्प्रिंग आणखी कडक होते, त्यामुळे घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत दात वाजायचे, आणि सोसायटीच्या गतिरोधकावर सायलेन्सर घासायचा तो वेगळाच. शेवटी मागचे पाटे मूळ उंचीवर नेले, तिथले टायर एक माप मोठे घातले, तेव्हा कुठे तिला डौल आला. आई मात्र म्हणते, ‘काहीतरी हरवल्यासारखी जमिनीकडे बघते रे ही.’