शून्य शुल्काची तारीख कोण सरकवतं?

दोन देशांत व्यापार करार झाला की बातमी ठरलेली असते: इतक्या टक्के वस्तूंवरचं आयात शुल्क शून्य होणार. मी मात्र आधी परिशिष्ट उघडतो. शून्य किती वर्षांनी होणार आणि मधल्या काळात ती तारीख कोण सरकवू शकतं, ते तिथेच कळतं. कारखानदार कर्ज काढून यंत्रं घेतो तो त्या तारखेच्या भरवशावर.

अमेरिका आणि दक्षिण कोरियाचा करार बघा. सह्या 2007 च्या, अंमल मार्च 2012 पासून. अमेरिकेत आयात पिकअप ट्रकवर 25 टक्के शुल्क आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवरचं शुल्क वाढवलं, त्याला उत्तर म्हणून 1963 च्या अखेरीस ते जाहीर झालं. कोंबड्यांचं भांडण कधीच मागे पडलं, ट्रकचं शुल्क राहिलं. कोरियापुरतं ते 2021 पर्यंत संपायचं होतं. 2018 मध्ये करार पुन्हा उघडला आणि मुदत थेट 2041 वर गेली. तब्बल वीस वर्षं! कोरियन कंपन्या तेव्हा अमेरिकेत पिकअप विकतच नव्हत्या, मग गमावलं काय, असा युक्तिवाद झाला. मला तो अजिबात पटत नाही. शुल्क जाणार म्हणून जो कारखाना उभा राहिला असता तो उभाच राहिला नाही, तर त्याचं नुकसान आकडेवारीत दिसणार कसं?

जागतिक व्यापाराचे नियम घालून देणाऱ्या गॅट कराराच्या कलम 24 नुसार दोन देशांना एकमेकांत अशी सवलत देता येते, पण त्यांच्यातला जवळपास सगळा व्यापार त्यात यावा लागतो. शुल्क हटवायला दहा वर्षांहून जास्त काळ फक्त अपवादानेच लागावा, असं 1994 मध्ये स्पष्ट केलं गेलं. इथे 2012 ते 2041, म्हणजे 29 वर्षं झाली.

मुदत कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. आयातीचा लोंढा येऊन देशातला उत्पादक बुडायला लागला तर काही काळ शुल्क पुन्हा चढवायची सोय बऱ्याच करारांत असते, आणि ती हवीच. पण तिथे चौकशी होते, नुकसान दाखवावं लागतं. बंद दाराआड करार उघडला की यातलं काहीच होत नाही.

कपातीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. कापडावरचं शुल्क आधी गेलं आणि सुतावरचं तसंच राहिलं, तर देशातला विणकर महाग सूत घेऊन बिनशुल्क कापडाशी लढणार. हे परिशिष्टातल्या दोन ओळींत ठरतं, आणि त्या ओळी लिहिताना विणकराला कुणी विचारलेलं नसतं.

एचएस कोडचं, म्हणजे सीमाशुल्कासाठी प्रत्येक वस्तूला दिलेल्या क्रमांकाचंही तेच. साधारण पाच-सहा वर्षांनी ही जागतिक वर्गवारी सुधारली जाते, करार मात्र जुन्या आवृत्तीत लिहिलेला असतो. नव्या कोडशी जुळवणी करताना चूक झाली तर मिळालेली सवलत सीमाशुल्काच्या खिडकीवर अडते. मोठ्या कंपनीकडे यासाठी सल्लागार असतात. छोटा निर्यातदार पूर्ण शुल्क भरून मोकळा होतो.

म्हणून करारातला कुठलाही दर किंवा तारीख बदलायची असेल, तर दोन्ही देशांच्या संयुक्त समितीच्या सहीआधी मसुदा लोकांसमोर आला पाहिजे: प्रत्येक वस्तूचा जुना दर, नवा दर, कधीपासून आणि कुणाच्या मागणीवरून. हरकतींना निदान दोन महिने द्या, आणि आलेल्या हरकतींची उत्तरंही छापा.