वाचनालयं बंद करायला निघालेल्यांना उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: सगळं ज्ञान मोबाईलवर आलं, छंद शिकायला यूट्यूब आहे, वाचनालयात आता पेन्शनर पेपर चाळतात आणि स्पर्धा परीक्षेची पोरं खुर्च्या अडवून बसतात, तेव्हा अनुदान बंद करून जागा दुसऱ्या कामाला द्या. भवानी मंडपाजवळ १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात उभं आहे, तिथे हे वाचून वाईट वाटतं. पण नुसतं वाईट वाटून भागत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“सगळं मोबाईलवर मिळतं.” मिळत नाही. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की हौशी संस्थांची संहितेसाठी कशी धावपळ चालते ते पाहा. पन्नास वर्षांपूर्वी छापलेलं दोन अंकी नाटक नेटवर शोधलं, तर फार तर नाव आणि मुखपृष्ठ सापडतं. कारण साधं आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे असं पुस्तक कुणी परवानगीशिवाय फुकट टाकू शकत नाही. आणि खप नाही म्हणून प्रकाशक नवी आवृत्तीही काढत नाही. म्हणजे ते दुकानात नाही आणि नेटवरही नाही. विसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांचा फार मोठा भाग असाच अडकलाय. त्यांचा ठावठिकाणा एकच, वाचनालयाचं कपाट.

“छंदाला यूट्यूब पुरे.” यात थोडं तथ्य आहे. सुई कशी वळवायची, हार्मोनियमच्या भात्याला किती जोर द्यायचा, हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं. पण पुढे काय होतं ते हार्मोनियम शिकणाऱ्या कुणालाही विचारा. व्हिडिओतल्या बोटांमागे बोटं पळवत बंदिश वाजवता येते, आणि आठवड्याने ती विसरतेही. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीचं पुस्तक घरी आणलं की तीच बंदिश कागदावर उघडी पडते. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), खाली आडवी रेघ म्हणजे कोमल (थोडा उतरलेला स्वर), मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, उभी रेघ म्हणजे तीव्र (थोडा चढलेला). तीनतालाच्या १६ मात्रा चार-चारच्या खणांत मांडलेल्या, समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फुली; ‘खाली’ला, म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात तिथे, शून्य. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेवरून, म्हणजे ‘खाली’वरून उठतो आणि आठ मात्रांनी समेवर येतो, हे एकदा डोळ्यांना दिसलं की हात आपोआप थांबायला शिकतो. मग दुसरी बंदिश कुणी न वाजवून दाखवताही बसवता येते. अल्लादिया खाँसाहेबांनी जिथे वर्षानुवर्षं गाणं केलं त्या गावात ही पुस्तकं वाचनालयातून घरी नेता येतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली नाही. मोबाईल आपण विचारू तेवढंच देतो, किंवा त्याला खपवायचं असेल ते. वाचनालयात पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावतात त्या दशांश वर्गीकरणात भरतकाम ७४६, चित्रकला ७५०, छायाचित्रण ७७०, संगीत ७८०. कशिद्याचे नमुने बघायला आलेली बाई दोन पावलं पुढे सरकली की रंगसंगतीच्या पुस्तकाशी पोचते, आणि तिच्या टाक्यांचे रंग बदलतात. हे तिने कुठेच शोधलं नसतं. अर्थात, त्यासाठी कपाटापर्यंत जाऊ दिलं पाहिजे. जिथे अजून काउंटरवर चिठ्ठी द्यावी लागते, तिथे मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडण्याचा, आग्रह सभासदांनीच धरायला हवा.

“पेन्शनर आणि परीक्षेची पोरं.” मग काय झालं? ते वाचकच आहेत. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असली की पोराला शांत टेबल कुठून मिळणार? त्याच्यासाठी अभ्यासिका आहे. आणि निवृत्त माणसाने सकाळी चार पेपर वाचून जाताना गच्चीवरच्या भाजीपाल्याचं पुस्तक नेलं, तर त्यात कुणाचं काय बिघडलं?

राहिला अनुदानाचा मुद्दा. देशातला सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला. मद्रासचा त्यानंतर, १९४८ मध्ये आला. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६७ चा आहे. संस्थान चालवणाऱ्यांनाही हे सार्वजनिक कर्तव्य वाटलं होतं. आज मान्यताप्राप्त वाचनालयं ‘अ’ ते ‘ड’ वर्गांत बसतात आणि त्यानुसार पैसे मिळतात. त्यातून पुस्तकं, वीज आणि तुटपुंज्या पगारावर काम करणारे ग्रंथपाल-शिपाई भागवायचे असतात. इथे कुणी चैन करत नाही.

एक तक्रार मात्र मलाही मान्य आहे. बऱ्याच ठिकाणी कादंबऱ्यांची कपाटं भरलेली आणि हस्तकला, सुतारकाम, बागकामाची एकच फळी, तीही जुनी. त्यावर उपाय कुलूप लावणं हा नाही. वर्गणी भरा, दिवाळी अंकांच्या योजनेत नाव घाला, आणि हवी असलेली पुस्तकं लेखक-प्रकाशकासह मागणीच्या वहीत लिहा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. वहीतली मागणी खरेदीची यादी करताना समितीपुढे ठेवता येते.