किमी, फिसिकेला आणि दिल्याची थकबाकी

अव्याने परत तो मलेशियातल्या सेपांगच्या फॉर्म्युला वन रेसचा व्हिडिओ लावला. 2009, धो धो पाऊस, रेस थांबलेली, बाकीचे ड्रायव्हर गाडीत ताटकळतायत आणि किमी रायकोनेन हाफ चड्डीवर आइस्क्रीम खातोय.

"देवमाणूस!" अव्या. त्याने किमीचा घुमेपणा तेवढा उचललाय, वेग नाही. साहेबांनी रिपोर्ट मागितला की "लीव्ह मी अलोन" पुटपुटतो. अबुधाबीला 2012 मध्ये किमीने रेडिओवर तसं सुनावलं आणि रेस जिंकली. अव्याचं अप्रेझल काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

"त्या आइस्क्रीमच्या रेसमध्ये तो चौदावा आला होता," मृण्मयी म्हणाली. "पार मीम करून टाकलंत त्याचं. सुझुका 2005 लावतोस का कधी? सतराव्या जागेवरून सुटला आणि शेवटच्या लॅपला, म्हणजे शेवटच्या फेरीत, पुढे असलेल्या फिसिकेलाला बाहेरच्या बाजूने मागे टाकलं. तेव्हा तोंडातून अक्षर काढलं नव्हतं त्याने."

"वर्ल्ड टायटल एकच!" दिल्या खेकसला. फेरारीची टोपी विटून गुलाबी झाली, भक्ती तशीच. "मायकेल शूमाकरची सात!" हे म्हणताना तो कानाच्या पाळीला हात लावतो, खोटं नाही सांगत.

"2003 ला तुझ्या मायकेलपेक्षा दोनच पॉइंट कमी," मृण्मयी म्हणाली. "2005 ला टायटल जिंकलेल्या अलोन्सोइतक्याच सात रेस जिंकल्या. न्युर्बुर्गरिंगला तर शेवटच्या लॅपला, पुढे असताना सस्पेन्शन तुटलं. टायर बदलायची बंदी त्या वर्षी. घासलेल्या टायरवर तू पेट्रोल पंपापर्यंत तरी गेला असतास?"

"मग 2008 ला फेरारीतल्याच फेलिपे मासाच्या मागे का पडला?"

दिल्याने आयुष्यात एकदाच मुद्द्याचं विचारलं. मृण्मयी "कंटाळला असेल" म्हणाली. मलाही ते फार पटलं नाही, पण दिल्याच्या बाजूने बोलायचं म्हणजे जिवावर येतं.

माझा किमीवर राग वेगळाच. स्पा, 2009. फोर्स इंडिया टीमची गाडी चक्क पोलवर, म्हणजे सुटताना सगळ्यात पुढे, आत फिसिकेला, आणि हा केर्सचं, म्हणजे ब्रेकमधून साठवलेली जादा ताकद सोडायचं, बटण दाबून पुढे! भारताच्या नावाची गाडी जिंकता जिंकता राहिली.

"परत फिसिकेलाच," मृण्मयी म्हणाली. "किमीला ओव्हरटेक करायला कुणीतरी हवं म्हणून इटलीने जन्माला घातलाय त्याला."

अव्याला आता दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट आठवलं. 2013, टीमने रेडिओवर शिवी हासडली, बाजूला हो म्हणून. याने उलट शिवी घातली आणि शेवटच्या लॅपला रेसमधली सगळ्यात वेगवान लॅप मारली. "आणि पगार थकवलेला होता रे त्याचा तेव्हा!" अव्याचा गळा दाटून आला. पगार म्हटलं की त्याचं असं होतं.

"थकबाकीवरून आठवलं," मृण्मयी दिल्याकडे वळली. "2007."

दिल्या चहा ढवळू लागला. फेरारीत मायकेलच्या सीटवर किमी बसला या रागापायी त्याने तेव्हा पैज मारली होती. दोन रेस बाकी, हॅमिल्टन किमीच्या सतरा पॉइंटांनी पुढे. किमी टायटल जिंकला तर अख्ख्या कट्ट्याला मिसळ. किमी एका पॉइंटाने जिंकला.

"देतो की. पण तेव्हाच्या भावाने."

"व्याज?"

"जास्तीचा रस्सा."

"तो फुकटच असतो, दिल्या!"

मग कुठल्या मिसळवाल्याकडे रस्स्याचे पैसे लागतात यावर जी जुंपली, तिच्यात किमी पार बाजूलाच राहिला.