जुन्या हार्ड डिस्क विकू नका : छायाचित्रकारांच्या गटांत फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

तासगावात लग्नसमारंभांचे फोटो काढणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली लिहिले, ‘मामा, यात सांगितलंय तसंच मशीन करतोय. जुन्या दोन डिस्कना गिऱ्हाईकपण मिळालंय.’ फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉप कसा जुळवावा याचे सहा नियम त्या संदेशात दिले आहेत आणि तोच संदेश त्याच दिवशी मला आणखी तीन गटांत दिसला. ते नियम थोडक्यात असे : बजेटचा साठ टक्के भाग ग्राफिक्स कार्डावर घाला, रॅम ६४ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) जितके जास्त तितके चांगले, म्हणून सेकंडहँड झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा) प्रोसेसर घ्या, मॉनिटर कोणताही चालतो, ब्राइटनेस तेवढा पूर्ण ठेवा, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा भाग) १००० वॅटचा घेतला की यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारे यंत्र) लागत नाही, आणि शेवटचा नियम, जो मी शब्दशः देतो : ‘एसएसडी कधीच खराब होत नाही. दोन एसएसडी रेड-१ मध्ये लावा, बॅकअपची कटकट कायमची संपली. जुन्या हार्ड डिस्क विकून तो पैसा ग्राफिक्स कार्डात टाका.’

मी भाच्याला तिथल्या तिथे फोन केला. रविवारी डिस्क द्यायच्या ठरल्या होत्या. चार चार टीबीच्या त्या दोन डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून त्याने निळ्या पेनने लिहिले आहे, ‘नोव्हें. २०२१ ते मे २०२२’ आणि ‘नोव्हें. २०२२ ते मे २०२३’. दोन लग्नसराया, ऐंशीच्या आसपास कुटुंबे. त्यांपैकी कित्येकांनी अल्बम नेला, पण मूळ फाइल कधी मागितल्या नाहीत, कारण त्या फोटोवाल्याकडे सुरक्षित आहेत असे ती धरून चालतात. पहिले पाच नियम पाळून पैसे वाया जातील, ते पुन्हा मिळवता येतील. सहावा नियम पाळून जे जाईल ते परत येणार नाही. म्हणून सुरुवात सहाव्यापासूनच करतो.

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कसारख्या फिरत्या चकतीऐवजी चिपांवर माहिती साठवणारा ड्राइव्ह. ‘एसएसडी कधीच खराब होत नाही’ हे विधान ज्याने लिहिले त्याने एसएसडी बनवणाऱ्या उद्योगाचे स्वतःचे मानक उघडूनही पाहिलेले नाही. मेमरी उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचे ‘जेईएसडी २१८’ नावाचे मानक २०१० पासून अस्तित्वात आहे आणि एसएसडीचे आयुष्य कसे मोजायचे हे त्यातच ठरवलेले आहे. आपण घरी किंवा स्टुडिओत वापरतो त्या वर्गातील एसएसडी तिच्या ठरवून दिलेल्या एकूण लेखनक्षमतेपर्यंत (म्हणजे तिच्यावर एकूण किती माहिती लिहिता येईल त्या मर्यादेपर्यंत) वापरली, तर तोवर शंभरातील तीनपर्यंत निकामी होणे हे मानक ग्राह्य धरते. त्याच मानकाची दुसरी अट अशी की, लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेली एसएसडी वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवली, तर तिने एक वर्ष माहिती धरून ठेवावी. एसएसडीतील माहिती ही सूक्ष्म कप्प्यांत साठवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. कप्पे लिहून-पुसून झिजतात, तसा तो भार अधिक सहज गळतो आणि उष्णतेत आणखी लवकर गळतो. नवी एसएसडी वर्षभरात कोरी होते, असा याचा अर्थ नाही आणि तसे सांगून मला कोणाला घाबरवायचेही नाही. पण जो उद्योग स्वतः निकामी होण्याचे प्रमाण आणि माहिती टिकण्याची मुदत लिहून ठेवतो, त्याच्या वस्तूविषयी ‘कधीच’ हा शब्द वापरून लोकांना त्यांच्या एकुलत्या एक प्रती विकायला सांगणे हा सरळ बेजबाबदारपणा आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या मते आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे. हार्ड डिस्क बिघडू लागली की पुष्कळदा आधी सांगते : आवाज बदलतो, फाइल उघडायला वेळ लागतो, काही भाग वाचता येत नाहीत आणि तेवढ्या अवधीत माणूस जमेल तितके उतरवून घेतो. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचे काम चालवणारी चिप, गेली की काल रात्री चालणारा ड्राइव्ह आज सकाळी संगणकाला दिसतच नाही. चुकून पुसलेल्या फाइलचेही तसेच आहे. हार्ड डिस्कवरून फोल्डर पुसले गेले तरी त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ माहिती बहुधा शाबूत असते आणि ती परत मिळवता येते. एसएसडीच्या बाबतीत विंडोज ‘ट्रिम’ या आज्ञेने ड्राइव्हला लगेच कळवते की ही जागा आता मोकळी आहे, आणि ड्राइव्ह ती जागा आपणहून साफ करून टाकतो. त्यानंतर डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेऊनही हाती फारसे लागत नाही.

आता रेड-१. दोन ड्राइव्हवर एकाच वेळी तेच लिहिले जाते, त्यामुळे एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते. काम थांबू नये यासाठी ही सोय आहे आणि तेवढ्यापुरती ती चांगली आहे. पण आरशातले प्रतिबिंब म्हणजे दुसरी प्रत नव्हे. जागा करायची म्हणून मदतनीस मुलाने चुकीचे फोल्डर पुसले तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर दोन्हीकडच्या फाइल एकदमच कुलूपबंद होतात. एसएमपीएस जळताना जादा दाब आत गेला तर दोन्ही ड्राइव्ह एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच तारेवर असतात.

आणि पाणी आले तर काय होते, हे मी सांगू शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा माझा स्टुडिओ मारुती चौकाजवळ तळमजल्यावर होता. टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये रेड-१ मध्ये लावलेल्या दोन डिस्क होत्या आणि तेवढे पुरेसे आहे असे मी त्या वेळी मानत होतो. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा कॅबिनेटच्या जाळीतून ओला गाळ बाहेर येत होता. दोन्ही डिस्क सारख्याच बुडाल्या होत्या. वाचले ते एवढ्यामुळे की, सांगलीतल्याच विश्रामबागेत बहिणीच्या घरी कपाटात एक बाहेरची डिस्क मी मेअखेर भरून ठेवली होती. जून आणि जुलैची तीन कामे मात्र त्यात नव्हती : दोन साखरपुडे आणि एका आजोबांची पंच्याहत्तरी. पुढच्या वर्षी ते आजोबा गेले आणि त्यांची मुलगी मोठा फोटो करून घ्यायला माझ्याकडे आली. माझ्याकडे एकही फोटो नव्हता. तिला ते सांगताना जे वाटले ते भाच्याच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळे लिहीत आहे.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम ज्यांच्यामुळे सर्वत्र पोहोचला ते पीटर क्रोग हे अमेरिकेतील छायाचित्रकारच आहेत. म्हणजे ही शिस्त कोणा संगणकवाल्याने आपल्यावर लादलेली नाही, ती आपल्याच धंद्यातल्या माणसाने आपल्याच गरजेतून सांगितली आहे. खर्चाचा हिशेबही अवघड नाही. दोन कॅमेऱ्यांवर मिळून एका लग्नात तीन हजार रॉ फाइल (कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ, न दाबलेल्या फाइल) होतात, २४ मेगापिक्सेलची एक फाइल २५ ते ३० एमबीची धरली तर एका लग्नाचे ७५ ते ९० जीबी झाले. चाळीस लग्नांची सराई साडेतीन टीबीच्या आसपास जाते. एवढा साठा एसएसडीवर ठेवणे महाग आहे आणि त्याची गरजही नाही, कारण दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाची फाइल क्षणात उघडावी असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी हार्ड डिस्कच योग्य आहे. चालू काम, लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या एडिटची नोंदवही) आणि प्रीव्ह्यू एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवर ठेवावेत, त्याने कामात खरोखर फरक पडतो, आणि संदेशातील एसएसडीच्या कौतुकात एवढाच भाग खरा आहे. तिच्या वेगाचा सेकंदाला सात हजार एमबीचा आकडा पाहून मात्र हुरळू नये : कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या यूएचएस-१ मेमरी कार्डावरून फाइल उतरवताना कार्डच सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास अडते, ड्राइव्ह कितीही वेगवान असला तरी.

मॉनिटरचा नियम नुकसानीच्या दृष्टीने दुसरा. ‘कोणताही चालतो, ब्राइटनेस पूर्ण ठेवा’ या सल्ल्यामुळेच ‘लॅबने प्रिंट काळे काढले’ ही तक्रार दर सराईत ऐकू येते. लॅबकडे आपण ज्या एसआरजीबी रंगपद्धतीत जेपेग पाठवतो, तिच्या मानकात पडद्याची प्रकाशमानता ८० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) धरलेली आहे. छपाईसाठी काम करणारे साधारणपणे ८० ते १२० च्या दरम्यान पडदा लावतात. बाजारातले बहुतेक मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला २५० किंवा त्याहून अधिक जातात. अशा पडद्यावर फोटो गरजेपेक्षा उजळ दिसतो, म्हणून एडिट करणारा तो खाली ओढतो, आणि कागदावर नवरीचा लाल शालू मरून रंगाचा होऊन येतो, हळदीतले चेहरे मातकट येतात. लॅबचा दोष नसतो. भाच्याच्या टेबलावर मी त्याचाच एक अल्बम आणि पडद्यावरची तीच फाइल शेजारी ठेवली, ब्राइटनेस शंभरावरून तीसपर्यंत आणला आणि ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून एसआरजीबी मोड लावला. शालूचा रंग दोन्हीकडे जवळजवळ जुळला. आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा पडदा), एसआरजीबीचा पूर्ण आवाका आणि शक्य झाल्यास रंग जुळवणारे कॅलिब्रेशनचे यंत्र, मग ते दोघा-तिघांनी मिळून घेतलेले का असेना, यांवर घातलेला पैसा प्रत्येक फोटोत दिसतो.

ग्राफिक्स कार्डाबाबत संदेशाला अर्धे श्रेय द्यावे लागेल, आणि ते मी नाखुशीने देतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत फोटोसाठी कार्डाचा फारसा उपयोग नाही असे आम्हीच सांगत होतो. ते आता खरे राहिलेले नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२२ पासून एक्स्पोर्ट कार्डाच्या मदतीने होऊ लागले आणि एप्रिल २०२३ मध्ये आलेली एआयवर चालणारी डीनॉइझची (फोटोतले दाणे काढण्याची) सोय तर जवळजवळ संपूर्णपणे कार्डावरच चालते. संध्याकाळच्या मंडपात आयएसओ ६४०० वर काढलेले दोनशे फोटो स्वच्छ करायचे असतील तर चांगले कार्ड असलेले मशीन आणि नसलेले मशीन यांत तासांचा फरक पडतो. पण म्हणून सव्वा लाखाच्या बजेटमधले पंचाहत्तर हजार कार्डावर घालायचे? कार्डाचा पूर्ण वेग मिळण्यासाठी लाइटरूम आणि फोटोशॉप बनवणारी अडोबी स्वतः ८ जीबी मेमरीच्या कार्डाची शिफारस करते, आणि ८ जीबी मधल्या किमतीच्या कार्डांत मिळतात. त्यावरचा पैसा गेम खेळणाऱ्यांच्या आणि व्हिडिओ करणाऱ्यांच्या कामाचा आहे.

रॅमचे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहावे. १२×३६ इंचांचे करिझ्मा अल्बमचे (लग्नाच्या छापील डिजिटल अल्बमचे) एक पान ३०० डीपीआयला ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल होते, आठ बिटमध्ये त्याचा पूर्ण आकाराचा एक थर सुमारे ११७ एमबीचा. असे वीस थर ठेवले तरी अडीच जीबीच्या आत. फोटोशॉप, लाइटरूम आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवणाऱ्याला ३२ जीबी पुरतात. अडोबीची स्वतःची शिफारस तर १६ जीबीची आहे. बोर्डावर दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात, गरज पडली तर पुढे वाढवता येते.

झिऑनविषयी फार लिहीत नाही. बाजारात मिळणारा ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा, १४ कोअरचा, मूळ २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे. एक्स्पोर्टला जास्त कोअर कामी येतात हे मान्य; पण फोटोशॉपमधले ब्रश, क्लोन आणि थरांचे रोजचे काम बहुतांशी एकेका कोअरच्या वेगावर चालते आणि तिथे आजचा साधा सहा कोअरचा प्रोसेसर त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत. गिऱ्हाइकांचे फोटो अशा मशीनवर ठेवू नयेत.

एसएमपीएस आणि यूपीएस यांचा परस्परांशी संबंधच नाही. आरटीएक्स ४०६० सारखे ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट घेते आणि ते बनवणारी एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा सांगते. एसएमपीएस कितीही मोठा असला तरी लाइट गेल्यावर तो वीज कोठून आणणार? कॅटलॉग लिहिला जात असताना वीज जाणे म्हणजे कॅटलॉग बिघडण्याची जोखीम. चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस घ्या आणि उरलेल्या पैशांत यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, म्हणून कार्ड असलेल्या मशीनला त्याच्या वरचा बघावा.

भाच्याने रविवारचे गिऱ्हाईक परत पाठवले. त्याच्या यादीत आता ८ जीबीचे कार्ड, ३२ जीबी रॅम, दोन टीबीची एनव्हीएमई आणि आयपीएस मॉनिटर आहे, आणि कार्डावर वाचलेल्या पैशांतून ८ टीबीची एक नवी हार्ड डिस्क आली आहे. दोन्ही जुन्या डिस्क तिच्यावर उतरवून झाल्या. पांढऱ्या पट्ट्या लावलेल्या त्या दोन डिस्क आता विश्रामबागेत माझ्या कपाटात, वरच्या खणात आहेत. दर दिवाळीला त्या जोडून प्रत्येकीवरच्या दहा-बारा फाइल उघडून पाहायच्या असे आमचे ठरले आहे. तो संदेश ज्या कोणी लिहिला असेल त्याने बाकीचे पाच नियम हवे तर तसेच ठेवावेत, पण सहावा मागे घ्यावा आणि ज्या ज्या गटांत तो टाकला तिथे तसे स्पष्ट लिहावे. तोवर ज्यांनी डिस्क विकायला काढल्या आहेत त्यांनी त्या कृपया कोणाच्या हातात देऊ नयेत.